प्रयोगग्रंथाचे मोल : कुलाबा किनाऱ्यावरील मराठी हग्गादा

ग्रंथाची किंमत आणि ग्रंथाचे मोल या दोन कल्पना व्यवहारात परस्परांत मिसळून गेल्या असल्या, तरी समीक्षेने त्यांतील भेद दृष्टिआड होऊ देता कामा नये. ग्रंथ छापून विकला जात असेतो हा भेद फारसा जाणवत नाही. आवृत्ती संपली, पुनर्मुद्रण झाले नाही आणि उरल्यासुरल्या प्रती संग्राहकांच्या हाती जाऊ लागल्या, म्हणजे तो प्रकर्षाने पुढे येतो. मग मूळ काही आण्यांस मिळालेल्या पुस्तिकेसाठी शेकडोपट रक्कम मोजावी काय, असा प्रश्न विद्यापीठाच्या ग्रंथालयापुढेही उभा राहतो. त्याचे उत्तर सर्व प्रकारच्या ग्रंथांस सरसकट एकच देता येणार नाही. ज्या ग्रंथांचा उपयोग वाचनापेक्षा आचरणाकडे अधिक झुकलेला असतो, अशा ग्रंथांपुरता त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

संस्कृत धर्मशास्त्रात कर्मविधीचा क्रम सांगणाऱ्या ग्रंथास 'प्रयोग' ही संज्ञा आहे. नारायणभट्टाचा 'प्रयोगरत्न' हा सोळाव्या शतकातील ग्रंथ या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण होय. मराठीत नाटकाच्या सादरीकरणासही प्रयोग असेच म्हणतात. या दोन्ही अर्थांचा मेळ घालून, जे पुस्तक समोर ठेवून काही माणसे एकत्र बसतात, त्यातील सूचनांनुसार बोलतात, खातात, पितात आणि काही काळ आपण दुसरेच कोणी आहो असे मानतात, त्यास प्रयोगग्रंथ म्हणावयास हरकत नाही. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, अशा ग्रंथाचे एक ठळक उदाहरण सापडते. बेने इस्रायल समाजाचा मराठी हग्गादा हे ते उदाहरण.

बेने इस्रायलांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागेजवळ नवगाव येथे गलबत फुटून किनाऱ्यास लागले. त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. या कथेच्या ऐतिहासिकतेविषयी मतभेद असले, तरी समाजाचे किनाऱ्याशी असलेले नाते आडनावांतूनच सिद्ध होते. किहीमचे ते केहिमकर, दिव्याचे ते दिवेकर, पेणचे ते पेणकर, राजपुरीचे ते राजपूरकर. तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावोगाव त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. हिब्रू ग्रंथ त्यांच्यापाशी नव्हते. तरी सण होते, आणि त्या सणांची नावे मराठी होती. नव्याचा सण, खिरीचा सण, दरफाळणीचा सण अशी ती नावे आहेत. मिसर देशातील दास्यातून सुटकेचा जो सण अन्यत्र पेसाह या नावाने पाळला जातो, त्यास येथे 'अनाशी ढाकाचा सण' म्हणत. घरातील आंबट रसाचे भांडे झाकून ठेवण्याच्या आचारावरून ते नाव पडले.

या नावाचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. त्यात मिसर नाही, मोशे नाही, समुद्र दुभंगल्याची कथाही नाही. केवळ एक भांडे आणि त्याचे झाकण आहे. आचार टिकला होता आणि आख्यान विसरले गेले होते. आख्यान परत आले ते एकोणिसाव्या शतकात, आणि ते अनेक वाटांनी आले. कोचीनहून १८२६ च्या सुमारास शिक्षक आले. अमेरिकन मिशनच्या शाळांतून अनेकजण लिहावयास-वाचावयास शिकले. जॉन विल्सन याने १८३२ मध्ये या समाजासाठी मराठीत हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे प्रसिद्ध केली. या साऱ्याचे एक फळ म्हणजे १८४६ साली मुंबईत शिळाछापावर निघालेला हग्गादा. मराठी भाषांतरासह छापलेला हा पहिला हग्गादा होय. पुढे १८७४ मध्ये पुण्यात सचित्र हग्गादा छापला गेला. त्यातील एका चित्रात सणाची बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसून जमिनीवर बसलेल्या दाखविल्या आहेत. युरोपातील सचित्र हग्गाद्यांच्या परंपरेत महाराष्ट्राचे स्वयंपाकघर शिरले ते या चित्राने.

हग्गाद्याचे स्वरूप पाहिले म्हणजे त्यास प्रयोगग्रंथ का म्हणावयाचे ते स्पष्ट होते. सणाच्या रात्री कुटुंब एकत्र बसते. केव्हा प्याला भरावयाचा, केव्हा हात धुवावयाचे, केव्हा भाकरी मोडून तिचा तुकडा बाजूस ठेवावयाचा, कडू पाला कशात बुडवावयाचा, लहान मुलाने कोणते चार प्रश्न विचारावयाचे आणि वडीलमाणसाने कोणते उत्तर द्यावयाचे, याचा सर्व क्रम पुस्तकात असतो. चार प्याले प्यावयाचे असतात. द्राक्षारसाऐवजी कोकणच्या घरांत भिजवलेल्या मनुकांचे सरबत येते. कालवण म्हणून खजुराचा पाक येतो. आणि या सर्वांच्या मुळाशी एक विलक्षण अपेक्षा असते. मिसरातून बाहेर पडलेले ते लोक म्हणजे पूर्वज नव्हेत, पंक्तीस बसलेला प्रत्येकजणच तो आहे, असे त्याने त्या रात्रीपुरते मानावयाचे असते. अनाशी ढाकाच्या सणास ही भूमिका दिली ती पुस्तकाने. तेव्हा या समाजाच्या बाबतीत हग्गादा हा आचाराचा उगम नव्हता. आधीपासून चालत आलेल्या आचारास जोडलेली ती छापील पुरवणी होती.

या प्रकारच्या पुरवणीचे एक अगदी निराळे, सर्वस्वी लौकिक उदाहरण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत निर्माण झाले. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाचा खेळ तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध केला. त्यात पट आणि सोंगट्या दुय्यम. मेजाभोवती बसलेले खेळाडू एकेका काल्पनिक व्यक्तीची भूमिका घेतात, एकजण कथा चालवितो, आणि पुस्तिकांतील नियम व फाशांचे दान यांवरून पुढे काय घडले ते ठरते. १९७५ मध्ये 'ग्रेहॉक' व 'ब्लॅकमूर' या पुरवण्या निघाल्या आणि तेथून पुरवण्यांचा ओघ सुरू झाला. धर्मविधी आणि करमणूक यांस एका मापाने मोजावयाचे नाही, हे उघड आहे. तथापि ग्रंथप्रकार म्हणून दोहोंची जात एक आहे. दोन्ही पुस्तके एकट्याने वाचून संपत नाहीत. दोन्ही मेजावर वा पाटावर पूर्ण होतात. आणि दोन्हींच्या जुन्या, अनुपलब्ध आवृत्त्यांस संग्राहक मोठी किंमत देतात. खेळाच्या पुरवण्यांबाबत हा व्यवहार उघडपणे चालत असल्यामुळे, हग्गाद्याच्या बाबतीत श्रद्धेने व विद्वत्तेने झाकलेली काही तत्त्वे तेथे स्वच्छ दिसतात.

त्यांपैकी एक तत्त्व असे की, किंमत पुष्कळदा ग्रंथाच्या अंगभूत गुणावर ठरत नाही. 'डीटीज अँड डेमिगॉड्स' या १९८० च्या पुरवणीत निरनिराळ्या संस्कृतींतील देवदेवतांचे खेळासाठी वर्णन होते; भारतीय देवतांचाही एक भाग त्यात आहे. आरंभीच्या मुद्रणात आधुनिक कथालेखकांच्या कल्पनेतील दोन देवतासमूहांवरील प्रकरणे होती, ती पुढील मुद्रणांतून गाळली गेली. त्या दोन प्रकरणांसाठी आरंभीची प्रत शोधली जाते व महाग विकली जाते. ती गाळल्याने खेळ अडला काय? मुळीच नाही. त्या प्रतीची किंमत वाढली ती इतर प्रतींत नसलेले काही तिच्यात आहे, एवढ्यासाठी. त्याचा उपयोग किती, हा प्रश्न खरेदीच्या वेळी विचारलाच जात नाही.

दुसरे तत्त्व अधिक महत्त्वाचे आहे. संग्राहक स्वच्छ प्रतीस सर्वांत जास्त दाम देतो. ज्या पुस्तिकेवर पेन्सिलीची खूण नाही, जिची शिवण सैल झालेली नाही, ती उत्तम. परंतु प्रयोगग्रंथाच्या बाबतीत स्वच्छ प्रत म्हणजे जिचा प्रयोग झाला नाही अशी प्रत. ज्या पुस्तिकेभोवती वर्षानुवर्षे खेळाडू बसले, ती फाटली आणि गेली. टिकली ती कपाटात राहिलेली.

हाच न्याय मराठी हग्गाद्यास लावला असता एक अस्वस्थ करणारे अनुमान निघते. हग्गादा हे अन्नाच्या सान्निध्यात उघडले जाणारे पुस्तक आहे. मनुकांचे सरबत, खजुराचा पाक, लहान मुलांचे हात, कोकणातील पावसाळी दमट हवा आणि वाळवी यांतून ज्या प्रतीस दरवर्षी जावे लागले, ती दोन-तीन पिढ्यांपलीकडे टिकण्याचा संभव थोडा. त्यात आणखी एक धार्मिक रूढी आहे. ईश्वराचे नाव असलेले जीर्ण पुस्तक रद्दीत टाकावयाचे नाही, ते आदरपूर्वक पुरावयाचे, असा यहुदी धर्माचा दंडक आहे. म्हणजे जी प्रत सर्वांत अधिक वापरली गेली, ती नष्ट होणे हे तिच्या सन्मानाचेच लक्षण. तेव्हा आज सूचींत आढळणाऱ्या प्रतींवरून या समाजाच्या ग्रंथव्यवहाराचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे. त्या प्रती वापराच्या प्रतिनिधी नसून अपवादाच्या प्रतिनिधी असण्याचा संभवच अधिक.

मग न्यूयॉर्क वा जेरुसलेम येथील हिब्रू ग्रंथांच्या लिलावांत मुंबई-पुण्याच्या हग्गाद्यांस जे मोल येते, ते कशाचे? त्याचे घटक वेगळे करून पाहता येतात. पहिला घटक अग्रक्रमाचा : १८४६ ची आवृत्ती पहिली, म्हणून मोलाची. हा मान आवृत्तीचा आहे; तो प्रत्येक प्रतीत सारखाच वाटला जातो आणि त्यासाठी प्रत विकत घेण्याची गरज नाही. दुसरा घटक चित्रांचा : १८७४ च्या हग्गाद्यातील लुगडी नेसलेल्या स्त्रिया परदेशी संग्राहकास अपूर्व वाटतात. कुलाब्याच्या वाचकास त्या अपूर्व वाटण्याचे कारण नाही. त्याला त्या ओळखीच्या वाटतील, आणि त्या ओळखीस बाजारात दाम नाही. तिसरा घटक दुर्मिळतेचा : तिचा विचार वर झालाच आहे. चौथा घटक मात्र खुद्द विद्वानांनी निर्माण केलेला आहे. अब्राहम यारी यांनी पूर्वेकडील हिब्रू मुद्रणाचा अभ्यास केला व १९६० मध्ये हग्गाद्यांची मोठी सूची प्रसिद्ध केली. अशा सूचीतील क्रमांक हा अभ्यासकासाठी मार्गदर्शक असतो. विक्रेत्याच्या हाती तोच क्रमांक प्रमाणपत्र होतो. संशोधनाने एखाद्या पुस्तिकेचे महत्त्व सिद्ध करावे आणि त्या सिद्धीमुळेच ती संशोधकाच्या आवाक्याबाहेर जावी, हा विरोधाभास नाकारता येत नाही.

या ठिकाणी दुसऱ्या जातीच्या ग्रंथाशी तुलना करणे उपयुक्त ठरेल. जेम्स कॅम्बेल याच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कुलाबा व जंजिरा यांवरील अकरावा खंड १८८३ चा आहे. त्यात बेने इस्रायलांचेही वर्णन आहे. कुलाबा जिल्ह्याचे सुधारित गॅझेटियर १९६४ मध्ये निघाले. पुढे शासनाच्या दर्शनिका विभागाने जुने खंड संगणकीय स्वरूपातही उपलब्ध केले. आज कुलाब्याच्या मिठागरांविषयी वा बंदरांविषयी माहिती हवी असणाऱ्या अभ्यासकाने १८८३ ची मूळ प्रत संग्राहकी किमतीने घेण्याचे काही कारण उरलेले नाही. संदर्भग्रंथातून जे घ्यावयाचे ते प्रतिरूपातून पूर्णपणे मिळते. हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या इतिहासाचेही तसेच. १८९७ मध्ये लिहून झालेला हा इंग्रजी ग्रंथ लेखकाच्या मृत्यूनंतर १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेला. त्याची प्रत दुर्मिळ असली, तरी त्यातील वृत्तान्त दुर्मिळ राहण्याचे कारण नाही.

हग्गाद्याच्या संहितेसही हाच नियम लागू पडतो. १८७४ च्या पुण्याच्या हग्गाद्याची प्रतिरूप आवृत्ती १९६८ साली न्यूयॉर्क येथे निघाली, वॉल्टर फिशेल यांनी तीस प्रास्ताविक लिहिले. मराठी भाषांतराची शैली, हिब्रू संज्ञांसाठी योजलेले मराठी प्रतिशब्द, सूचनावाक्यांची रचना, उजवीकडून डावीकडे जाणारी एक लिपी आणि डावीकडून उजवीकडे जाणारी दुसरी यांचा एका पुस्तकात बसविलेला मेळ, या सर्वांचा अभ्यास प्रतिरूपावरून होऊ शकतो. खेळाच्या जुन्या पुरवण्याही मूळ प्रकाशकपरंपरेने २०१३ पासून संगणकीय रूपात पुन्हा विक्रीस काढल्या, आणि ज्यांना केवळ खेळावयाचे होते त्यांचा प्रश्न सुटला. संहितेसाठी संग्राहकी किंमत देणे, मग ती खेळाची असो वा प्रार्थनेची, समर्थनीय नाही.

प्रतिरूपातून जे येत नाही ते म्हणजे त्या एका प्रतीचे आयुष्य. कोणत्या पानांवर डाग दाट आहेत यावरून विधीचा कोणता भाग पंक्तीत रेंगाळत असे ते कळू शकते. जी पाने कोरी आहेत तो भाग गाळला जात असेल असा तर्क करता येतो. मुखपृष्ठाच्या आत जन्मतिथी लिहिल्या असतील, समासात हिब्रू शब्दाचा उच्चार बालबोधीत वा मोडीत उतरविला असेल, तर मराठी उच्चाराच्या अभ्यासास ते प्रमाण मौल्यवान आहे. मात्र या खुणांचा अर्थ एका अटीवर लागतो. ती प्रत कोणत्या घरातली, कोणत्या गावची, हे ठाऊक असले पाहिजे. रेवदंड्याच्या घरातील डाग आणि मुंबईच्या चाळीतील डाग डोळ्यांना सारखेच दिसतात. स्थळ सुटले की खूण ही केवळ दोष ठरते. लिलावगृहाच्या वर्णनात ती 'डागाळलेली पाने' या दोन शब्दांत संपते आणि किंमत कमी करते.

यावर एक सबळ आक्षेप येऊ शकतो आणि त्यास योग्य तो मान दिला पाहिजे. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात जे सुमारे वीस हजार बेने इस्रायल होते, त्यांतील फार थोडे आज येथे आहेत. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल येथील सभास्थाने उभी आहेत. त्यांच्या आसपासची घरे मात्र पुष्कळशी दुसऱ्यांच्या हाती गेली. अशा स्थितीत जुन्या पुस्तकांस बाजारात किंमत नसती, तर ती माळ्यावर कुजली असती. किंमत आहे म्हणून कोणी पेटी उघडून पाहतो. संग्राहकाच्या हव्यासाने पुष्कळ ग्रंथ वाचविले, हे ग्रंथेतिहासातील सत्य आहे आणि त्याविषयी कृतज्ञता न बाळगणे अन्यायाचे होईल.

तथापि बाजार कागद वाचवितो आणि संदर्भ तोडतो. प्रत विकताना घराण्याचे नाव सांगण्याची विक्रेत्यास गरज वाटत नाही, सांगू नये असेही कुटुंबास वाटते. नवी बांधणी होते, पाने धुतली जातात, सैल ठेवलेले चिटोरे फेकले जातात. विकत घेणारा जितके अधिक दाम देतो, तितका तो प्रतीस मूळ कोऱ्या अवस्थेकडे नेऊ पाहतो. म्हणजे जे प्रतिरूपातून मिळत नाही, नेमके तेच या व्यवहारात पुसले जाते. ज्या संग्राहकाने प्रतीबरोबर तिची कहाणीही टिपून ठेवली, तो या टीकेस अपवाद होय. परंतु किंमत त्या कहाणीची ठरत नाही.

वरील विवेचनावरून ग्रंथालयांसाठी काही व्यवहार्य निष्कर्ष निघतात. संहितेकरिता प्रतिरूप पुरेसे असल्यामुळे तेथे मूळ प्रतीचा आग्रह धरू नये. स्वच्छ, अज्ञातकुल प्रत ही लिलावातील सर्वांत महाग आणि अभ्यासास सर्वांत मुकी. तिच्यासाठी सार्वजनिक द्रव्य खर्ची घालणे योग्य नव्हे. जिचे घर व गाव निश्चित आहे, जिच्यावर वापराच्या खुणा आहेत, अशी जीर्ण प्रत मिळत असेल तर तिच्यासाठी यथाशक्ति किंमत द्यावी. बाजार तिला कमी लेखतो, हे विद्यापीठाच्या पथ्यावरच पडणारे आहे. आणि जेथे कुटुंब प्रत सोडण्यास राजी नसेल, तेथे ती मागू नये. ती घरातच राहू द्यावी, तिची छायाचित्रे घ्यावीत, आणि ती कोणी, कोणत्या पंक्तीत, कोणत्या चालीवर वाचली ते घरच्या वृद्धांकडून मराठीत लिहून घ्यावे. हे शेवटचे काम सर्वांत स्वस्त आहे. परंतु ते करण्यास लागणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत, आणि ती कमतरता कोणत्याही लिलावात भरून निघणारी नाही.

अनाशी ढाकाच्या सणास पुस्तक नव्हते तेव्हाही सण होता. पुस्तक आले आणि सणाला आख्यान मिळाले. आज पुस्तक काचेच्या कपाटात सुरक्षित आहे, आणि किनाऱ्यावर ते उघडणारी घरे मोजकीच उरली आहेत. अशा वेळी प्रयोगग्रंथाच्या अभ्यासकाने ग्रंथाकडे पाहताना प्रयोगाकडे पाठ फिरवू नये. बाजारातील किंमत त्याला एवढेच सांगते की, प्रती थोड्या उरल्या. त्या पंक्तीत कोण बसत होते आणि त्यांनी पुस्तकाचे काय केले, हे शोधणे त्याचे काम आहे, आणि त्या ग्रंथाचे मोल त्या उत्तरावर अवलंबून आहे.